आवाजाचं कुलूप

दादरच्या एका दुकानदाराने मला फसवलं. कानात घालायची बिनवायरची बटणं त्याने चढ्या भावाने विकली, ते मी सोडून देईन. पण फोनमधलं आवाजाचं कुलूप काढून देणं त्याने फुकटची भेट म्हणून माझ्या गळ्यात मारलं, ते सोडणार नाही.

रे रोडला माझी जुन्या लाकडाची वखार आहे. चाळी पाडतात, त्यांच्या सागवानी तुळया मी घेतो. हमाल म्हणून आलो, मालक झालो. डिग्री नाही, कान होता. तुळईवर हातोडी मारायची आणि ऐकायचं. भरीव लाकूड टणटणीत वाजतं, वाळवीने खाल्लेलं बद्द. त्या एका आवाजावर मी भल्याभल्यांना भावात वाकवलं आहे.

वखारीत दिवसभर करवतीचं मशीन किंचाळतं. ते ऐकू येऊ नये म्हणून ती बटणं हवी होती. दुकानदार भाव सोडेना. मी म्हटलं, "बरं, वर काय देतोस?"

"काका, फोन कुलूप घातल्यासारखा आवाज एका मर्यादेवर अडवतो. सारखी सूचना येते, कानाला धोका वगैरे. ती कटकटच बंद करून देतो. मग करवतीचा बापसुद्धा ऐकू येणार नाही."

भाजीवर कोथिंबीर मागून घ्यावी तसा मी आवाज मागून घेतला आणि दुकानदाराला लुटल्याच्या ऐटीत बाहेर पडलो.

वर्षभर करवतीच्या वरताण गाणी लावली. संध्याकाळी कानात शिट्टी वाजायची. दमलो असेन, म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही.

मग लालबागच्या चाळीतली एक तुळई आली. हातोडी मारली आणि म्हटलं, "भरीव."

माझ्याकडचा म्हातारा मालवणी सुतार हसला. "पोकळ आसा रे. कान खंय इसारलस?"

मी भडकलो. "काप, आत्ता काप!"

त्याने कापली. आतून वाळवीची माती भसाभस सांडली. म्हाताऱ्याने माझ्या हातातली हातोडी काढून घेतली. "आता वाजवूचा काम माझा. तू नुसतो भाव कर."

परळच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बारीक आवाज गेले ते परत येणार नाहीत, म्हणाल्या. करवतीसाठी कानात आवाज अडवणारे बोळे घाला. एका गोंगाटावर दुसरा गोंगाट चढवू नका. गाणी हळू ऐका, मधूनमधून कान मोकळे ठेवा. हातभर अंतरावरच्या माणसाला तुमच्याशी ओरडून बोलावं लागलं, तर आवाज जास्त आहे. इतकं साधं! एका दमात सांगून झालं.

तडक दुकानात गेलो. तो एका कॉलेजच्या मुलीच्या फोनवर तीच करामत करत होता. मला बघून म्हणाला, "काका, तुम्हीच तर मागितलंत!"

मी म्हटलं, "मागितलं. माझ्याकडेही लोक माळ्यासाठी स्वस्तातली किडकी तुळई मागतात. मी देत नाही, आणि मी काही संत नाही. मला माहीत असतं की ती कोणाच्या तरी डोक्यावर पडणार आहे. तुलाही माहीत होतं. सूचना तू वाचलीस, मग बंद केलीस. मी वाचलीच नव्हती. आता ती या मुलीला मोठ्याने वाचून दाखव, आणि माझा कान कोणी खाल्ला ते तिच्यासमोर सांग."