सनईवाले आजोबा

अंगात कडक इस्त्रीचं जॅकेट आणि खाली घरातला पायजमा, अशा थाटात माझी लेक मृण्मयी लॅपटॉपसमोर बसली होती. एमबीबीएस इथे झालं, पुढचं अमेरिकेत शिकायचं होतं. त्यासाठीच्या मुलाखतीची तालीम चालली होती आणि प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे होतं.

"लक्षात राहिलेला एखादा पेशंट?" मी विचारलं.

तिने पाठ केलेलं इंग्रजी उत्तर म्हणून दाखवलं. चूक एकही नव्हती, पण त्यात पेशंट काही दिसेना.

"अगं, ते सनईवाले आजोबा?"

तिचा चेहराच बदलला. "आई, न्यूमोनियातून उठलेले गं ते! मी म्हटलं, आजोबा, रोज फुगा फुगवा. तर म्हणाले, 'फुंकायला मला शिकवतेस होय, पोरी? जन्म गेला माझा सनईत!'" सांगता सांगता ती उठून उभीच राहिली.

"हेच सांग तिकडे."

"इतकं साधं?"

परक्या दारात उभं राहताना आपण आपलं साधंसुधंच आधी का झाकतो, कोण जाणे. खरं तर तेवढंच अगदी आपलं असतं.

मुलाखतीच्या दिवशी मी पुसलेला ओटा पुन्हा पुसत होते. तिच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

"आई, त्या मॅडमनी विचारलं, आजोबा पुन्हा सनई वाजवतात का?"

"मग?"

"म्हटलं, वाजवतात! माझ्या लग्नातही वाजवणार आहेत."