सातवीचं गणित आणि पन्नास काडतुसं

शनिवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. मी पोळ्या लाटत होते आणि मागून शिट्टी वाजली. वळून बघते तर आमची ईरा, वय वर्षं अडीच, पितळेचं रिकामं काडतूस तोंडाला लावून फुंकतेय! त्या मिनिटापासून आमच्या बर्मिंगहॅमच्या घरात किस्से जे साठायला लागले, ते सिंकमधल्या भांड्यांसारखे. एक घासून ठेवावं तर दोन येऊन पडतात.

आमचे हे एका कारखान्यात लेथवर आहेत. हरणाच्या शिकारीचा नाद त्यांना डॉक्टरकाकांनी लावला. काका इथल्या हॉस्पिटलातून रिटायर झालेले, अडतीस वर्षं रायफल चालवतायत. तिसरा शेजारचा कॉलिन, जुना प्लंबर. तिघं वर्षातून दोनदा स्कॉटलंडला जातात आणि त्यासाठीची काडतुसं आमच्या गॅरेजमध्ये हातानं भरतात. लांबून नेम धरायचा तर प्रत्येक काडतूस अगदी सारखं हवं. नाहीतर हरीण नुसतं जखमी होतं आणि कुठेतरी झाडीत तडफडत पडतं. ते मला पटलं. पण माझ्या लेकरानं काडतूस तोंडात घालावं, हे कसं पटावं?

मी म्हटलं, "अहो, एक तर हे सगळं घरातून जाईल, नाहीतर मला यातलं सगळं कळेल. सोमवारपर्यंत सांगा."

"तुला कशाला त्या भानगडी?"

"ईराची आई मी आहे म्हणून!"

रविवारी सकाळीच गॅरेजमध्ये माझी खुर्ची मांडली गेली.

*

इथला नियम असा, की बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे आहे ते ज्याच्या नावावर बंदुकीच्या परवान्याचं सर्टिफिकेट त्यालाच ठाऊक हवं. बायकोलासुद्धा नाही! घरातल्या सुईपासून पासपोर्टपर्यंत सगळं माझ्या ताब्यात, ही एक किल्ली सोडून.

रिन्यूअलच्या वेळी पोलिसांकडून एक बाई तपासणीला आली. चहा पिता पिता तिनं मलाच विचारलं, "डू यू नो व्हेअर द की इज?"

"नो," मी म्हटलं. "अँड आय हॅव लुक्ड एव्हरीव्हेअर!"

यांचा चेहरा पांढराफटक. बाईनं पेन खाली ठेवलं. "एव्हरीव्हेअर?"

"पिठाच्या डब्यात पण! मला सापडली, तर उद्या माझ्या मुलीला सापडेल."

बाईनं फॉर्मवर टिक केलं आणि आणखी एक कप चहा मागितला.

*

काडतुसात भरायची यांची नेहमीची पावडर, म्हणजे बारूद, दुकानात मिळेनाशी झाली. आता नवी कुठली घ्यायची? तिघांची तीन मतं आणि आवाज असा चढलेला, की वाटावं लग्नाला स्थळ बघतायत!

काका मला समजवायला लागले. जळण्याचा वेग, नळीतला दाब, काय काय. मी म्हटलं, "काका, म्हणजे काटक्या आणि ओंडका ना? एक भसकन पेटते, एक सावकाश."

काकांनी मान डोलावली. "हो. लहान रायफलीला काटक्या. हरणाच्या मोठ्या रायफलीला ओंडका."

"आणि मोठीत काटक्या कोंबल्या तर?"

"रायफल फुटेल. तोंडासमोर."

मी उठले, ईराला शेजारी कॉलिनच्या बायकोकडे ठेवलं आणि परत येऊन खुर्चीत बसले. "हं, पुढे सांगा."

*

पावडर ठरली, माप ठरलं. मग दुसरा डबा आला. तेच नाव, तीच कंपनी, पण लॉट वेगळा. कॉलिन म्हणाला, पुन्हा कमीपासून सुरू करायचं, थोडं थोडं वाढवत जायचं. काका वैतागले. "दोन आठवडे परत तेच? पावडर तीच आहे ना!"

"काका, तांदूळही तोच असतो," मी म्हटलं. "पण नवं पोतं फोडलं की पाणी मी बघूनच घालते."

यांनी कॉलिनला इंग्लिशमध्ये सांगितलं. तो म्हणाला, "वीस वर्षं मी हेच सांगतोय. पण तांदळाचं कुणी बोललं नव्हतं!"

*

थंडीत पावडर कशी वागते ते बघायला काडतुसं गार करायची होती. हे फ्रिजकडे निघाले. मी आडवी आले. "त्यात पोरीचं दही आहे!" शेवटी कुलपाच्या कूलबॉक्समध्ये बर्फाच्या पिशव्या घालून नेली. नेमबाजीच्या रेंजवर मी आणि ईराही गेलो. तिथे तपासणीवाल्यानं शेजारचा दुसरा बॉक्स उघडला. आत डबा.

"व्हॉट्स धिस?"

ईरा ओरडली, "माझा दहीभात!"

*

गॅरेजमध्ये मी एकच काम अंगावर घेतलं होतं. काम सुरू व्हायच्या आधी पावडरचा डबा वजनकाट्यावर, संपल्यावर पुन्हा काट्यावर. किती भाकरी झाल्या ते पिठाच्या डब्यावरून कळतं, तसंच हे.

स्कॉटलंडला निघायच्या आदल्या दिवशी यांना कारखान्यातून फोन आला, हे अंगणात गेले. प्रत्येक काडतुसात ठरलेलं माप सोडणाऱ्या यंत्रात पावडर काकांनी ओतली. तासाभरात यांच्या रायफलीची पन्नास काडतुसं दहा-दहाच्या ओळींत तयार. यंत्रात उरलेली पावडर डब्यात परत ओतून मी डबा काट्यावर ठेवला, कागदावर गुणाकार केला. परत केला.

"काका, डब्यातून चाळिसांचीच पावडर गेलीय."

"काटा बिघडला असेल."

"काटा आत्ताच तपासला. मग दहा काडतुसांत काय आहे?"

"रेश्मा, अडतीस वर्षं करतोय मी हे. सातवीचं गणित मला शिकवतेस?"

"काका, आठवीचं मला येत नाही. सातवीपर्यंतचं बरोबर आहे."

हे हळूच म्हणाले, "अगं, काका मोठे आहेत."

"म्हणून तर अहो-जाहो करतेय! पण उद्या त्या रायफलीला गाल तुमचा लागणार आहे. सगळी उघडा."

मी गुणाकाराचा कागद कॉलिनपुढे धरला. तो वाचून त्यानं हातोडीसारखं एक अवजार उचललं. काडतूस त्यात अडकवून आपटलं, की गोळी सुटते आणि पावडर बाहेर पडते. ठक्. शेवटच्या ओळीतलं एक उघडलं. पांढऱ्या ताटलीत पडल्या बारीक कांड्या, नव्या पावडरीच्या. ठक्. पहिल्या ओळीतलं पहिलं. ताटलीत पडले गोल गोल दाणे. लहान रायफलीचे.

 काकांनी खिशातून फोन काढला आणि लंडनमधल्या एजवेअरच्या आपल्या जुन्या शिकारी दोस्ताला लावला.

"ऐक. गेल्या शनिवारी मी एकट्यानंच लहान रायफलीची काडतुसं भरली, ती पावडर यंत्रात तळाला राहिली होती. न बघता मी वरून नवी ओतली. दहा काडतुसं... हो, मीच. शिकाऱ्यांच्या ग्रुपवर सगळ्यांना सांग."

पलीकडून काहीतरी विचारलं.

"नाही, नाही. माझं नाव घालूनच सांग. नाव नसलं की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणाचं तरी झालं."