हिरव्या ओळी

माझ्या जुन्या संगणकाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती केतकी जुळवते आहे. काल तिने पानांवरच्या प्रोग्रॅमना रंग दिले. आज्ञा निळ्या झाल्या, आकडे तांबूस आणि मधल्या काही ओळी हिरव्या.

"सर, हिरव्या ओळी कॉम्प्युटर वाचतच नाही. त्या फक्त माणसांसाठी," ती मलाच समजावत होती.

मी पानाच्या माथ्याकडे पाहत राहिलो. तिथे पूर्वी अशीच एक ओळ होती, सुमतीबाईंच्या नावाची. पुस्तकातले सगळे प्रोग्रॅम माझ्या या सहकारी बाईंनी लिहिले होते. छपाईला देताना मी ती ओळ प्रत्येक ठिकाणी खोडली. प्रोग्रॅम तरीही चालत राहिले. नावावाचून यंत्राचं काही अडत नाही. माणसाचं अडतं, आणि ते मला ठाऊक होतं.

"केतकी, हे प्रोग्रॅम सुमतीबाईंनी लिहिलेत. प्रत्येकावर त्यांचं नाव घाल."

पान पुन्हा उमटलं, तेव्हा माथ्यावर कोवळ्या पात्यासारखी हिरवी ओळ होती.

पानं सुमतीबाईंना पाठवून मी त्यांना फोन केला आणि सगळं कबूल केलं. त्यांनी पानं उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "सातव्या पानावर एक चूक राहिलीय. माझीच आहे. आता नाव छापताय, तर ती दुरुस्त करायला हवी. उद्या या."