ओट्याचं माप

आमच्या जळोची गावातल्या घरामागे बाहेरचं स्वयंपाकघर बांधायला आलेला गवंडी कशालाच नाही म्हणत नसे. ‘बघू की’ म्हणायचा आणि कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावरच ठेवायचा. आमच्या ह्यांनी त्याला मोबाईलवर चित्रं दाखवली. ग्रॅनाइटचा ओटा, सिंक, वर पत्रा. त्याने ती सगळी पाहिली आणि एवढंच विचारलं, “सायेब, हितं रांधणार कोण?”

“मीच. पाहुणे आले की मटण मीच करतो.”

हे मटण ढवळतात, ते खरं आहे. वाटण, पन्नास भाकरी आणि नंतरची भांडी माझ्याकडे असतात. आताशा बोलायचाही कंटाळा येतो. गवंड्याने माझ्या पिठाने माखलेल्या हातांकडे पाहिलं. मग ह्यांना भिंतीला उभं केलं आणि त्यांच्या कोपराखाली चार बोटं सोडून रेघ मारली.

ह्यांची उंची सहा फूट. ओटा तयार झाला तो माझ्या छातीला लागला.

“आता हिनं इथं भाकरी कशी थापायची?” हे चिडले.

“न्हाय जमायचं त्यांना,” तो सावकाश म्हणाला. “तुमीच रांधणार म्हणला व्हता न्हवं?”

ह्यांनी मोबाईल खिशात टाकला.

शेवटच्या दिवशी त्याने उरलेल्या फरशीचा एक छोटा कट्टा बांधला, ओट्यापासून लांब, कडुलिंबाखाली. तो कुणीच सांगितला नव्हता. गवंडी गेल्यावर मी त्यावर टेकले. पाय बरोबर जमिनीला लागले. माझं माप त्याने कधी घेतलं, कोण जाणे.