रश्श्यापायी बुडवलेली आजी

मटणाच्या जेवणाला वेळेवर पोचायचं म्हणून मी कादंबरीतली एक म्हातारी नदीत बुडवली.

सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. तोवर वाचायला, टीव्ही बघायला बंदी. म्हणून मी रिसोडहून रिठदला जाऊन त्यांना एक जुनी कादंबरी वाचून दाखवायचो. एक कुटुंब नावेतच संसार मांडून महिनोन्‌महिने नदीनं चाललंय: बाप, माय, पोरं, शेळी आणि आजी. सासूबाईंनी त्या कादंबरीची पोथीच करून टाकली. हातपाय धुऊन ऐकायला बसायच्या, आणि अध्याय पुरा झाल्याशिवाय मला उठू द्यायच्या नाहीत.

त्या दिवशीचा अध्याय संपता संपेना. नाव भोवऱ्यात अडकलेली, तिकडं रिसोडला मित्राच्या घरी रस्सा उकळत असलेला, आणि शेवटची एसटी यायच्या बेतात. मी पानं उलटली अन् म्हणालो, "एवढ्यात आजी धारेत वाहून गेली. अध्याय समाप्त."

"गेली? शेयी राह्यली अन् ते गेली?"

"शेळीला पोहता येतं," मी चपला घालत म्हणालो.

रस्सा झकास होता. सकाळी बायकोचा माहेरून फोन. "काय वाचलं तुम्ही? आई जेवली नाही. दवाखान्यातही येत नाही म्हणते."

मिळेल त्या जीपनं गेलो. सासूबाई भिंतीकडं तोंड करून पडलेल्या.

"माह्याच वयाची होती, जवाईबापू. एवढी नदी काढली तिनं, अन् काठ दिसता दिसता गेली. एक डोया झाला, लय झालं. आता मले नका नेऊ."

मी पुस्तक उघडलं. त्यातली आजी नावेतच होती, ठणठणीत, भाकरी करपली म्हणून सुनेला झापत होती. होतं तसं वाचलं.

सासूबाई वळल्या. "काल बुडाली नं? मंग लुगडं कवा वाळलं तिचं?"

मी म्हणालो, एक ओंडका हाती लागला असेल. बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी मटणाचं सगळं सांगून टाकलं.

सासूबाई उठून बसल्या.

"दवाखान्याची पिशवी काढ वं बाई. दुसराबी डोया करून घेतो, अन् माह्यं मीच वाचतो. हे जवाई वाटीभर रश्श्यासाठी उद्या मलेबी धारेत सोडतीन."