उड्डाण ते छत्री: मुरबाड रोडवरचा एक रविवार

दादाला पाच महिने खपून बनवलेलं रॉकेट उडवायचं होतं आणि मला घरात बसवत नव्हतं. रविवारी सहाला बाळकुमहून गाडी काढली. माणकोलीच्या पुलावरून गेलात तर सकाळी दादाचं कोपर अर्ध्या तासात येतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. रिटायर्ड टर्नर, डोळ्यांत काचबिंदू. हातभर लांबीचं कागदी नळीचं रॉकेट मांडीवर घेऊन तो गाडीत बसला. खड्ड्यांत रॉकेटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, डुगडुगत होतं. ढिलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. कल्याणच्या पुढे मिसळ खाल्ली (दोघांचे दोनशे, तर्री जपून घ्या). तो हात धुवायला गेला तेवढ्यात मी नाकाला पारदर्शक टेप गुंडाळून टाकली.

मुरबाड रोडला ओळखीतल्या शेतकऱ्याचं कापणी झालेलं शेत आहे. परवानगी आधीच घेतलेली. टोपी न्याच, सावली अजिबात नाही.

"वर गेलेलं मला दिसणार नाही," दादा म्हणाला. "तू ओरडून सांगायचं. उड्डाण. मग इंजिन विझलं. मग तरंगतंय, म्हणजे नुसत्या वेगावर वर चाललंय. मग शिखर. मग छत्री, म्हणजे पॅराशूट."

"छत्री येते कुठून?"

"नाक निघून. ढिलं ठेवलंय ते त्यासाठीच," म्हणत त्याने बटण दाबलं.

"उड्डाण!" मी ओरडले. "विझलं! तरंगतंय!" ते तीन-चार सेकंद मला सोसवेनात. दोन्ही हात रिकामे आणि करण्यासारखं काहीच नाही. "शिखर!"

दादा मान वर करून थांबलेला. "छत्री?"

खोटं बोलायचा फार मोह झाला.

"नाही उघडत, दादा. नाकाला टेप मी लावलेली."

रॉकेट सुसाट येऊन ढेकळांत आपटलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दादाने चुरगळलेली नळी चाचपली, पंखांवरून बोट फिरवलं.

"शिखरापर्यंत सरळ गेलेलं का गं?"

"एकदम सरळ. जरासुद्धा डुललं नाही."

"मग पंख बरोबर बसलेत," एवढंच म्हणाला. मला रडू आलं.

घरी येऊन तीन दिवस मला चैन नव्हतं. बुधवारी त्याचा फोन आला. "नवी नळी चिकटवलीय. रविवारी ये, ओरडायला तूच लागशील. तोवर सुकू दे, मध्येच बघायला येऊ नकोस."

आज शुक्रवार. गाडीची किल्ली दोनदा हातात घेतली, दोनदा ठेवली. तरंगतंय.