नकाशातलं गवत

"मावशी, नकाशात तिथं गवत आहे. गवताला कसली हरकत?"

साहेब असं म्हणाले आणि सुनावणीच्या हॉलमधले सगळे हसले. मीही हसले. हरकतीचा कागद धरून समोर उभी होती ती माझी माय.

मी नगररचनेच्या ऑफिसात कंत्राटावर नकाशे काढते. हिंगोलीचा नवा विकास आराखडा माझ्या हातचा. आमच्या वस्तीवर बगीच्याचं आरक्षण पडलं, म्हणजे घरं हटणार. तो हिरवा रंग मीच भरला.

निजामाच्या राज्यात इथं इंग्रजांची छावणी होती. हद्दीच्या आत कुणी राहायचं, बाहेर कुणी, हे छावणीच्या कायद्यानं ठरायचं. आमचे पणजोबा फौजेच्या घोड्यांसाठी गवत कापायचे. म्हणून कुरणाच्या कडेला झोपड्या घालू दिल्या. नकाशात कुरण आलं. कापणारे आले नाहीत. इंग्रज गेले, निजाम गेला, कायदे बदलले. नकाशा मात्र जुन्यावरूनच उतरत राहिला.

आताचा कायदा म्हणतो, आधी जागेवर जा, कोण राहतं ते बघा. साहेब म्हणाले, वेळ नाही, जुन्यावरून उतरव. मला जागेवर जायची गरजच नव्हती. मी तिथंच जन्मले. तरी उतरवलं. कारण ऑफिसात मी पत्ता सांगितला होता स्टेशनजवळचा. वस्ती दाखवली असती तर कुणीतरी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक?

माय म्हणाली, "साहेब, आमी चार पिढ्यांपासून तिथं राहून राहिलो. विहार हाय, नळ हाय." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. ती माझ्या टेबलाशी आली. हळूच म्हणाली, "मॅडम, एवढा कागद ठेवून घ्या."

मॅडम. पोटच्या पोरीला. का, तर माझं बिंग फुटू नये म्हणून.

मी कागद घेतला. वर पाहिलं नाही.

घरी तिनं रोजच्यासारखं ताट वाढलं. मीच म्हणाले, माय, शिव्या तरी दे. म्हणाली, "काहून? तुही नोकरी हाय ना."

रविवारी टेप घेऊन एकेक घर मोजलं. बायांनी टोक धरलं. सोमवारी मोजणी साहेबांपुढं ठेवली. सोबत अर्ज. जागेची पाहणी झाली नाही. नकाशा खोटा आहे. तो मी काढला. खाली सही आणि वस्तीचा पत्ता.

साहेबांनी पत्ता दोनदा वाचला. "तू तिथली? आधी सांगायचं. अर्ज मागं घे, तुझ्या घराचं बघू काहीतरी."

मी म्हणाले, "माझ्या एकटीचं बघायचं न्हाई, सर. पोच द्या."

पोच घेतल्याशिवाय हलले नाही. कंत्राट पुढं वाढणार नाही, हे त्याच दिवशी कळलं. वस्ती वाचेल का, माहीत नाही. मी हसले होते, ते तर कशानंच पुसलं जाणार नाही. पुढची सुनावणी जिथं होईल तिथं मी मायच्या बाजूला उभी राहीन. आरक्षण उठेपर्यंत.